आंबट वरणाचं दुसरं नाव

१

रुक्मिणीबाईंचा शेवटचा व्हिडिओ नाहीसा झाला आहे, हे सांबशिवरावांना कळलं ते बाईंचं तेरावं उरकल्यावर, आणि तेही सांगलीच्या एका अनोळखी शिक्षिकेकडून.

पाहुणे आपापल्या गावी गेले होते. सांबशिवराव ओसरीच्या बाकावर बायकोचा फोन मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यात बोलण्यापलीकडे काही होत नसे. बाईंच्या फोनमध्ये मात्र सगळं जग होतं. मुलगा साईकुमार मस्कतला नोकरीला गेला आणि 'अम्मा, तुझ्या हातचं कसं करायचं ते दाखव' म्हणून मागे लागला, तिथून हे सुरू झालं. सून शिवरंजनीनं सासूचं रांधणं फोनवर टिपलं. भाचा विघ्नेशनं ते मुलासकट सगळ्या दुनियेला दिसेल असं चढवलं. मग दोहा झालं, टोरोंटो झालं, मॉरिशस झालं. कुंभकोणमच्या एका गल्लीतल्या स्वैपाकघरात माणसं सातासमुद्रापलीकडून येऊन बसू लागली. तीनशे वर्षांमागे तंजावरकडे आलेल्या घराण्यांची ती जुनी मराठी ऐकून पुण्याकडचे लोक आधी हसत आणि मग लिहीत, 'आमची पणजी असंच बोलायची.'

आता त्याच जागी दुखवट्याचे निरोप येत होते. सांबशिवराव एकेक ओळ बोटानं सरकवत वाचत. सांगलीच्या बाईंनी लिहिलं होतं :

'आजी गेल्याचं कळलं. त्या जाण्याआधीच्या शुक्रवारी सकाळी त्यांचा नवा व्हिडिओ पाहिला होता. परत पाहावा म्हणून शोधला तर तो नाहीच. कुणी काढून टाकला?'

सांबशिवरावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. यादीत सर्वांत वर केळफुलाची भाजी होती. ती तर आदल्या आठवड्यातली. शुक्रवारी ते स्वतः घरी नव्हते. गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात भजनाला गेले होते, दिवेलागणीला परतले. शनिवारी पहाटे बाई न्हाणीघरात पडल्या. वाचा गेली ती गेलीच. दवाखान्यात चार दिवस नुसत्या छताकडे बघत होत्या.

म्हणजे त्या शुक्रवारी बाई जे बोलल्या ते त्यांचं शेवटचं बोलणं होतं. ते टोरोंटोनं ऐकलं, सांगलीनं ऐकलं आणि नवऱ्यानं मात्र ऐकलं नाही.

नवऱ्याच्या वाट्याला काय आलं होतं? एक टोमणा.

तो त्यांच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता. शेवटचा महिनाभर बाई त्यांना पितळी डवऱ्यातून कॉफी देत होत्या. डवरा म्हणजे पेल्याखालची ती पसरट वाटी. घासूनपुसून लखलखीत ठेवलेली ती पितळी जोडी फक्त पाहुण्यांसाठी निघायची. घरच्यांना स्टीलचे पेले, त्यातही सांबशिवरावांचा काठाला चेमटलेला. म्हातारपणी बायकोला आपली किंमत कळली म्हणायची, असं वाटून ते मनातून सुखावले होते. 'जेवूनच जा हो' असंही एकदोनदा म्हणाल्या होत्या; वाचनालयात पळायच्या त्यांच्या सवयीवरची ती थट्टा समजून ते हसले होते. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी कॉफी आली ती जुन्या चेमटलेल्या पेल्यात.

"पाहुणचार संपला वाटतं?" त्यांनी विचारलं होतं.

बाईंनी कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घरच्या माणसाला कसला पाहुणचार?"

आणि आत निघून गेल्या. एवढंच. जन्मभराच्या संसाराचं शेवटचं वाक्य.

त्या व्हिडिओत तरी काही बरं बोलली असेल. निदान चेहरा हसरा असेल.

विघ्नेश सायंकाळी आला तेव्हा त्यांनी फोन त्याच्यापुढे धरला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"मामा," तो हळूच म्हणाला, "हा घरातल्याच कुणीतरी काढलाय. पासवर्ड तिघांनाच ठाऊक. मला, शिवरंजनीला आणि तुमच्या लेकीला, महालक्ष्मीला."

२

तिरुभुवनमच्या विणकरांच्या सोसायटीत सांबशिवरावांचं आयुष्य रेशमी साड्या तपासण्यात गेलं होतं. साडी आधी उलटी करून बघायची, हा त्यांचा नेम. सुलट बाजूला झालेली चूक कुशल विणकर झाकून टाकतो, उलट बाजूला तुटका धागा लोंबत असतो. पण माणसं उलटी करून बघायची सवय त्यांना नव्हती. भाच्याला प्रश्न विचारतानाही त्यांचा आवाज चोरट्यासारखा झाला.

"तूच तर नाही ना काढलास?"

"अय्यो मामा! मी चढविलों, मीच कशाला काढीन? सकाळपासून नुसता पळत होता तो व्हिडिओ. दुपारनंतर बघतों तर नाही. शिवरंजनीला विचारलों, तर 'नेटवर्कचं काही झालं असेल' म्हणाली. दुसऱ्या दिवशी मामी पडली. मग कोण विचारतो?"

"तुझ्याकडे असेल की तो."

"नाही ठेवलों. फोन भरला की जुनं पुसून टाकतों मी."

"काय केलं होतं तिनं त्या दिवशी?"

विघ्नेशनं रस्त्याकडे पाहिलं. "स्वैपाकच की. भात आणि ते... आंबट वरण."

"बरं."

"येतों मामा. मंडपात भांडी पोचवायची आहेत." आणि तो गेलासुद्धा.

सांबशिवराव बाकावर बसून राहिले. काहीतरी खटकलं होतं. कॉफी गार झाली तेव्हा उमगलं.

विघ्नेशच्या तोंडी 'आंबट वरण'?

त्या घरात हा शब्द फक्त एकाच माणसाचा होता. जुन्या वळणाच्या बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे सगळीकडेच होतं. पण रुक्मिणीबाईंचं संकट मोठं होतं. नवरा सांबशिव, आणि मुलूख असा की तिन्ही त्रिकाळ सांबार! ज्या शब्दाची सुरुवातच नवऱ्याच्या नावानं, तो तोंडातून काढायचा कसा? म्हणून लग्नाच्या दिवसापासून त्या घरात सांबाराचं आंबट वरण झालं. हॉटेलात गेल्या तर इडलीबरोबरच्या वाटीकडे बोट दाखवून म्हणत, "त्यातलं आणखी." वाण्याकडे म्हणत, "ती पिवळ्या पुड्यातली पूड." वाणी मुद्दाम विचारायचा, "कसली पूड, अम्मा? नाव सांगा." बाई पदरात तोंड लपवून हसत आणि रिकाम्या हातानं परत येत. पुण्याच्या लोकांना तर आंबट वरण हा मराठेशाहीतला एखादा हरवलेला पदार्थ वाटायचा.

विघ्नेश केटरिंगवाला. मसाल्याची पाकिटंही विकायचा. त्यानं दोन वर्षं मामीच्या मागे धोशा लावला होता. "मामी, व्हिडिओत एकदा तरी नाव घे. 'विघ्नेशची सांबारपूड'. एवढंच." मामी लाटणं उगारून म्हणायची, "मेल्या, ते नाव मी घेईन? जीभ झडेल माझी!"

तो विघ्नेश आज आंबट वरण म्हणाला. म्हणजे 'सांबार' हा शब्द तो मामापुढे टाळत होता.

का?

३

मुलगी महालक्ष्मी बंगळुरूला परत जायच्या तयारीत होती. आईच्या साड्यांच्या घड्या घालता घालता तिनं बापाचा प्रश्न ऐकला आणि घडी तशीच टाकली.

"अप्पा, तुम्ही मला विचारता? मला?"

"पासवर्ड तुझ्याकडेही आहे, म्हणून म्हटलं. तुला ते आवडायचं नाही..."

"नाहीच आवडायचं! कोण कुठली माणसं, अम्माच्या पदराचं भोक बघायची. 'आजी गोड बोलते' म्हणे. आमची आई काय जत्रेतला पोपट आहे? पण अप्पा, मला काढायचेच असते तर मी सगळे काढले असते. एकच काढून काय करू?"

मुलीचं खरं होतं. साडीतला एकच धागा ओढलेला दिसला, तर तो कुणी रागानं ओढलेला नसतो. राग आलेला माणूस पदर फाडतो.

"त्या शुक्रवारी तुमचं बोलणं झालं होतं?"

महालक्ष्मीचा आवाज एकदम खाली आला. "दुपारी तिनंच फोन केला. रडत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही गं, कांदा चिरत होते. मग म्हणाली, 'अप्पांना गोविंदपुरमहून यायला उशीर होईल का?' दोनदा विचारलं. मी मीटिंगमध्ये होते, अप्पा. म्हटलं, नंतर करते फोन. आणि मग..."

ती साडीत तोंड खुपसून रडू लागली. सांबशिवरावांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

पण हात तिथे ठेवल्या ठेवल्याच त्यांना आठवलं. शुक्रवारी त्यांच्या घरात कांदा चिरत नसत. त्यांच्या आईच्या वेळेपासूनचा तो रिवाज होता, आणि रुक्मिणीबाईंनी तो एकदाही मोडला नव्हता.

मग शुक्रवारी दुपारी बाई कशानं रडत होत्या?

त्यांनी बाईंचा फोन उघडला. सांगलीच्या शिक्षिकेला एका बोटानं, अक्षर शोधत, खोडत, पुन्हा लिहीत उत्तर पाठवलं : 'मी त्यांचा नवरा. त्या दिवशी मी घरी नव्हतो. त्या व्हिडिओत काय होतं, आठवत असेल तेवढं सांगाल का? त्रासाबद्दल क्षमा.'

पाठवल्यावर लाज वाटली. बायको काय बोलली हे परक्या बाईला विचारणारा नवरा! पुसून टाकावं म्हणून त्यांनी खटपट केली, पण कसं पुसायचं ते त्यांना येईना.

उत्तर आलं तेव्हा ते बरं झालं की वाईट, हेही त्यांना कळेना.

४

'काका, तुमचा निरोप वाचून गलबलून आलं,' सांगलीच्या बाईंनी लिहिलं होतं. 'शुक्रवारी आजींनी सांबार केलं होतं. एक गंमत लक्षात राहिली. एरवी त्या आंबट वरण म्हणतात, त्या दिवशी मात्र सारखं सांबार, सांबार म्हणत होत्या. आवाजही अगदी मुलीसारखा. माझी लेक दिवसभर त्यांची नक्कल करत होती. आणि म्हणाल्या, माझ्या बाबांना सांबार फार आवडतं, आता येतील ते जेवायला.'

सांबशिवरावांनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचली.

रुक्मिणीचे बाबा! पापनाशमच्या शाळेत मास्तर होते. साईकुमारच्या बारशालाही ते उरले नव्हते. आता कुठून येणार जेवायला?

सून आत भाजी निवडत होती, मुलगी बॅग भरत होती. सांबशिवराव ओसरीवर बसून एकेक गोष्ट उलटी करून बघू लागले.

पितळी डवरा. 'जेवूनच जा हो.' ते ओसरीवर आले की बाई अलीकडे पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायच्या, परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा. आणि हे कुणालाच कसं कळलं नाही? तर कळणार कसं? दुसरी एखादी बाई माणसाचं नाव विसरली की चार लोकांत अडखळते. रुक्मिणीबाईंनी जन्मात ते नाव घेतलंच नव्हतं. जे कधी उच्चारलं नाही ते कधी विसरलं, याचा पत्ता ना घराला ना दाराला. 'अहो' तर परक्यालाही म्हणता येतं.

त्या शुक्रवारी सकाळी चुलीपुढे लग्नाआधीची रुक्मिणी बसली होती. तिला नवराच नव्हता, मग तिला सांबाराची कसली चोरी?

आता उरला प्रश्न व्हिडिओ काढून टाकणाऱ्याचा. विघ्नेशनं तो काढला नाही. मामीच्या तोंडून तो शब्द यावा म्हणून दोन वर्षं झुरणारा माणूस हाती आलेलं घालवणार नाही. मामी गेल्यावर त्या आनंदाची लाज वाटली, म्हणून आंबट वरण म्हणाला, इतकंच. महालक्ष्मीनं काढला नाही. ती पदर फाडणारी. शिवरंजनी? तिनं तो शब्द आधी ऐकला असता तर व्हिडिओ विघ्नेशकडे पाठवलाच नसता. पाठवून मग काढण्यासारखं दुपारी काय घडलं?

त्या एकाच व्हिडिओनं ज्याची झोप उडावी असं माणूस घरात एकच होतं. आणि ते माणूस रोज जेवण झालं की चष्मा लावून स्वतःचा नवा व्हिडिओ बघायला बसायचं.

सांबशिवराव उठून स्वैपाकघराच्या दाराशी गेले.

"शिवरंजनी, मला कॉफी दे बरं. पितळी डवऱ्यात."

सुनेच्या हातातली शेंग खाली पडली. तिनं वळून पाहिलं नाही.

"नको मामंजी," ती म्हणाली. "त्यात नको."

५

"तिनं सांगितलं आणि तू काढलास. होय ना?" सांबशिवरावांनी विचारलं. "तिला स्वतःला पुसता येत नव्हतं. माझ्यासारखंच."

शिवरंजनी जमिनीवर बसली. सांबशिवरावही उंबऱ्यावर टेकले. महालक्ष्मी दारात येऊन उभी राहिली.

"सकाळी मी फोन स्टँडला लावून माडीवर कपडे वाळत घालायला गेले होते," सून सांगू लागली. "आले तोवर त्यांचं आटपलं होतं. न बघताच विघ्नेशला पाठवलं. दुपारी त्या बघत बसल्या. पहिल्यांदा हसत होत्या, मग एकदम फोन खाली ठेवला. म्हणाल्या, 'शिवरंजनी, ही कोण बोलते आहे? ही मी नव्हे. मी हे नाव घेईन का?' मग त्यांनीच पुन्हा लावून ऐकलं. आणि मामंजी, त्यांचा चेहरा... त्यांना सगळं एकदम कळलं. डवऱ्याचंसुद्धा. म्हणाल्या, 'अगं, मी त्यांना पाहुण्याची कॉफी देत होते. आणि ते पीत होते गं, मुकाट!'"

महालक्ष्मीच्या तोंडून हुंदका फुटला. "म्हणून मला फोन केलान तिनं."

"होय, अक्का. त्यांना भीती होती की मामंजी यायच्या आत पुन्हा विसरायला होईल. म्हणाल्या, 'व्हिडिओ काढून टाक. सगळ्या दुनियेनं ऐकलं तर ऐकलं, त्यांना ऐकू देऊ नको. मी त्यांना विसरले होते हे त्यांना कळता कामा नये.' माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली. मग उठून तो चेमटलेला पेला शोधला, आपल्या हातानं घासला, आणि घेऊन बसल्या तुमची वाट बघत. सारख्या पुटपुटत होत्या. मी ऐकलं काय म्हणतात ते. 'घरचं माणूस, घरचं माणूस.' पाठ करत होत्या, मामंजी."

शेंगांची टोपली मध्येच पडून होती.

घरच्या माणसाला कसला पाहुणचार?

इतके दिवस ते वाक्य सांबशिवरावांनी सुलट्या बाजूनं पाहिलं होतं. आता त्याची दुसरी बाजू दिसली, आणि तिथला एकही धागा तुटलेला नव्हता. ती त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली होती. ओळख पटवून घेत होती. पटल्यावरच बोलली होती.

"तुझ्या फोनवर आहे का तो व्हिडिओ?" त्यांनी विचारलं.

"आहे." सून दचकली. "पण शपथ, मामंजी."

"ती मला विसरली होती हे मला कळू नये, एवढीच तुझी शपथ. ते मला कळलंय, तुझ्याकडून नव्हे. आता लपवायचं काय राहिलं?"

शिवरंजनीनं महालक्ष्मीकडे पाहिलं. महालक्ष्मीनं मान हलवली. जिनं कधी एक व्हिडिओ धड बघितला नव्हता ती बापाच्या शेजारी उंबऱ्यावर येऊन बसली.

व्हिडिओ लागला. तीच चूल, तीच मोहरीची डबी. रुक्मिणीबाई पदर खोचून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कसली तरी घाई होती, पापनाशमच्या कुठल्या तरी सकाळची. समोरच्या जगाकडे बघून त्या हसल्या, डाव उचलला आणि म्हणाल्या, "आज आपण करूं सांब—"

सांबशिवरावांचं बोट पडद्यावर टेकलं. चित्र तिथेच थांबलं. बाईंचे ओठ अर्धवट मिटलेले.

सोसायटीत ते सांबशिवम् सर होते, नात्यागोत्यात मामा नाहीतर अण्णा. नुसतं 'सांब' म्हणणारी एक आई होती, ती गेल्यापासून त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती. बायकोच्या आवाजात ते कसं लागेल, असं तरुणपणी कधीतरी मनात आलं होतं. विचारायचा धीर झाला नव्हता.

त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं.

"आज आपण करूं सांब—"

पुन्हा थांबवलं.

"पुढचं ऐका की अप्पा," महालक्ष्मी रडतरडत म्हणाली. "पुढे बोलली आहे ती."

"ऐकतों," सांबशिवराव म्हणाले. "मग ऐकतों."

त्यांनी पुन्हा एकदा मागे नेलं. बाई हसल्या, डाव उचलला, त्यांच्याकडे पाहिलं.

"सांब—"

"ओ," सांबशिवराव म्हणाले.